खोकताना पिशवीची मान कुठे जाते?

सोनोग्राफी म्हटलं की पोटावरचं गार जेल आणि श्वास रोखून पडून राहणं आठवतं. लघवी का निसटते हे पाहणारी सोनोग्राफी याच्या उलट. इथे हालचाल हवीच असते. खोका, कुंथा, आता आवळून धरा.

प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचं हातातलं यंत्र, पोटाच्या तपासणीचाच, वक्राकार. त्यावर हातमोजा किंवा पातळ आवरण चढवतात आणि तो योनीच्या बाहेर, दोन मांड्यांच्या मधे टेकवतात. आत काही घालावं लागत नाही. हे आधीच सांगितलं गेलं तर कितीतरी बायकांची भीती निम्म्याने कमी होईल. पडद्यावर पुढून मागे एका रांगेत दिसतात ओटीपोटाच्या पुढच्या हाडांचा (जघनास्थींचा) सांधा, मूत्रमार्ग, लघवीची पिशवी, योनी आणि गुदाशय.

यातला हाडांचा सांधा जागचा हलत नाही, म्हणून मोजमापाचा खुंटा तोच. पिशवी जिथे मूत्रमार्गाला मिळते ती तिची मान. निवांत असताना ती खुंट्यापासून किती अंतरावर आहे आणि कुंथल्यावर किती खाली उतरली, हा फरक मिलीमीटरमध्ये मोजतात. 25 मिलीमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त घसरण पुष्कळ मानली जाते, पण सर्वांनी मान्य केलेली रेषा नाही. खोकल्यासरशी पोटातला दाब वाढतो. मूत्रमार्गाखालचा आधार घट्ट असेल तर मार्ग त्यावर दाबला जाऊन मिटतो. बाळंतपणात किंवा वयामुळे तो आधार सैल झाला असेल, तर मान खाली जाते, कधी नरसाळ्यासारखी उघडते आणि थेंब निसटतो.

तरीही नुसत्या चित्रावरून निदान होत नाही. मान बरीच घसरते पण गळती अजिबात नाही, अशाही स्त्रिया असतात. एकदम घाई लागून वाटेतच लघवी होते, तो प्रकार बहुधा पिशवीच्या अवेळी आकुंचनाचा. तिथे चित्रापेक्षा दोन-तीन दिवसांची लघवीची नोंदवही जास्त बोलते. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार तर लघवी निसटण्याच्या कुठल्याही तक्रारीत सोनोग्राफी फक्त लघवीनंतर पिशवीत किती उरलं ते पाहण्यापुरतीच करावी. हे मोजणं सोपं आहे. लांबी, रुंदी आणि उंचीच्या सेंटिमीटरमधल्या गुणाकाराला 0.52 ने गुणलं की मिलिलिटर मिळतात. पिशवी रिकामीच होत नसेल तर ती तुडुंब भरूनही गळते. अशा स्त्रीला पिशवी शिथिल करणारं औषध दिलं तर त्रास वाढू शकतो.

गळती थांबवण्याच्या शस्त्रक्रियेत मूत्रमार्गाखाली बसवलेली पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची पट्टी क्ष-किरणांना दिसत नाही, ध्वनिलहरींना मात्र ठळक दिसते. नंतर तक्रार उद्भवली तर पट्टी नेमकी कुठे आहे हे त्यामुळे कळतं.

मला स्वतःला या तपासणीचा सर्वात मोलाचा उपयोग वेगळाच वाटतो. खोकताना होणाऱ्या गळतीवर पहिला उपाय म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम. दिवसातून 3 वेळा, दर वेळी किमान 8 आवळणी, निदान 3 महिने. पण ‘आवळा’ म्हटल्यावर कित्येक जणी नकळत खाली जोर देतात, म्हणजे नेमकं उलट करतात. वर्णन करून हे समजावणं कठीण. पडदा तिच्याकडे वळवला की मान खाली चालली आहे हे तिलाच दिसतं. मग ती जोर सोडते, पुन्हा आवळते, आणि मान वर, पुढच्या हाडाकडे सरकते.