संत्र्याला आला 97 टक्के ऑक्सिजन

वरुडकडे आमच्या भाच्याचा संत्र्याचा बगीचा आहे. जानेवारीत आंबिया बहाराचं ओलित सुरू झालं की विजेची लाइन रात्रीची, आणि हा गडी रात्रभर वावरात. मनगटावर चांगल्यापैकी स्मार्टवॉच. रक्तातला ऑक्सिजन मोजायला सांगितला की ते बहुतेक वेळा "मोजता आलं नाही" म्हणे, आणि एका रात्री तर त्यानं 86 दाखवलं. त्याच्या मित्राचं बाजारातलं स्वस्त घड्याळ मात्र दर वेळी 97-98. "मामा, माह्यं बिघडलं का बा?"

मी मित्राचं घड्याळ घेतलं आणि टोपल्यातल्या संत्र्याला गुंडाळलं. ऑक्सिजन 97, नाडी 72.

हे समजायला घड्याळाच्या पोटात डोकवावं लागतं. ते कातडीवर दोन प्रकाश टाकतं, लाल आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड), आणि किती परत आला ते मोजतं. रक्तात ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं आणि अवरक्त जास्त. ऑक्सिजन सोडलेल्याचं उलटं. पण त्वचा, हाड, स्नायूही प्रकाश शोषतात, मग रक्ताचा वाटा वेगळा कसा काढायचा? जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी 1970च्या दशकात युक्ती काढली: जे ठोक्यागणिक बदलतं ते धमनीतलं रक्त, बाकी सगळं स्थिर. फक्त बदल मोजा. बोटाला लावायच्या चिमट्यात, म्हणजे ऑक्सिमीटरमध्ये, प्रकाश आरपार जातो, तरी हा बदल एक-दोन टक्क्यांचाच असतो. मनगटावर प्रकाश परत येईल तेवढाच पकडायचा, शिवाय तिथं खाली हाडं आणि शिरा. बदल आणखी बारीक होतो.

त्यात हा पोरगा थंडीत, ओल्या हातानं, फावडं चालवताना मोजणार! गारठ्यात शरीर हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, ठोका जवळजवळ पुसला जातो. हात हलला की रक्तही हलतं, आणि ती हालचाल घड्याळाला ठोक्यासारखी वाटू शकते. पट्टा सैल, तोही नेमका मनगटाच्या हाडावर. अशा वेळी "मोजता आलं नाही" म्हणणारं घड्याळ खरं बोलतं. संत्र्याच्या सालीवरून आलेल्या खरखरीतूनही आकडा काढणारं कसं भरवशाचं मानायचं?

अंगणातल्या शेकोटीवर हात शेकले, घड्याळाची मागची काच पुसली, पट्टा हाडापासून बोटभर वर सरकवून घट्ट केला. हात बाजेवर टेकवून अर्धा मिनिट गप्प बसवलं. 97. बॅटरी वाचवायची सेटिंगही बंद केली. बऱ्याच घड्याळांत ती चालू असली की आपोआप होणारी मोजणी थांबते.

मग आजीनं हात पुढं केला. कितीदा केलं तरी आकडा येईना. तिच्या मनगटावर गोंदण आहे, आणि गोंदणाची शाई प्रकाश गिळते. दुसऱ्या मनगटावरही गोंदण. अशा माणसाला बोटाचाच चिमटा बरा, कोरोनात आशाताई घरोघर घेऊन फिरायच्या तो. त्यालाही मर्यादा आहे: 2020 साली अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की, काळ्या रुग्णांत खरा ऑक्सिजन घसरलेला असताना चिमट्यानं आकडा बरा दाखवण्याचे प्रकार गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट. उन्हात रापलेल्या आपल्या कातडीनं हे लक्षात ठेवावं.

आणि टक्के म्हणजे काय, तेही बघा. बंडी, म्हणजे बैलगाडी, हे हिमोग्लोबिन समजा आणि कापूस हा ऑक्सिजन. जिनिंगला निघालेल्या शंभर बंड्यांपैकी 97 भरलेल्या, तर 97 टक्के. बंड्याच पन्नास असल्या तरी आकडा तोच, कापूस मात्र निम्मा. रक्त कमी असलेल्या बाईला 98 दिसूनही धाप लागते ती यामुळे. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णात, आणि विदर्भात ते कमी नाहीत, आकडा खऱ्यापेक्षा वेगळाही येऊ शकतो.

बोटाच्या चिमट्यावर पुन्हा पुन्हा 94च्या खाली आलं तर डॉक्टरला दाखवा. 90च्या खाली गेलं, ओठ निळे पडले किंवा बोलताना दम लागला, तर घड्याळाकडे न बघता दवाखाना गाठा.

शेकोटी अंगणात होती म्हणून बरं. दार लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि दोन रंगांच्या प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राला तो जवळजवळ ऑक्सिजनच वाटतो. माणूस गुदमरत असताना मनगटावर 98 दिसू शकतं.