ढकलपास वेगळं, सातत्यपूर्ण मूल्यमापन वेगळं

“आठवीपर्यंत परीक्षाच नाही, मग पोरं अभ्यास कशाला करतील?” पालकसभेत हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. त्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत असते.

2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला मागच्या वर्गात ठेवायचं नव्हतं आणि शाळेतून काढायचंही नव्हतं. नापासाचा शिक्का बसलेलं मूल शाळाच सोडतं, ते थांबावं यासाठी ही तरतूद होती. लोकांनी तिला ‘ढकलपास’ म्हटलं.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं ते कलम 29 मधून, आणि ते काम शिक्षकाचं आहे. परीक्षा त्यातही होतीच. महाराष्ट्राने 2010 मध्ये ठरवलेल्या पद्धतीत पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे वर्गात रोज शिकवताना होणाऱ्या, मूल्यमापनाचा भार 70 टक्के आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचा, 30 टक्के. सातवी-आठवीला आकारिक 40, संकलित 60. शिवाय ‘ड’ किंवा त्याखालची श्रेणी मिळालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन किमान ‘क-2’ पर्यंत आणायचं, असंही त्यात होतं. ही ओळ फारशी कुणाला आठवत नाही.

एक मूल 52 मधून 27 वजा करून 35 लिहितं. कारण ते 2 मधून 7 जात नाहीत म्हणून उलट 7 मधून 2 काढतं. “दशक सुटा करत नाही” अशी नोंद झाली, तर उद्या काड्यांचा एक गठ्ठा सोडून त्याला दाखवता येतं. आकारिक मूल्यमापन म्हणजे एवढंच. पण मी अशाही नोंदवह्या पाहिल्या आहेत, ज्यांत चाळीस मुलांपुढे “गणिताची आवड आहे” हेच वाक्य उतरवलेलं होतं. वह्या भरल्या गेल्या, वजाबाकी तशीच राहिली आणि मूल सहावीत गेलं. पालकांचा राग खरा आहे. फक्त तो कलम 16 वर निघतो, कलम 29 चं काम झालंच नाही हे कुणी विचारत नाही.

2019 मध्ये कायदा बदलला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, त्यात अनुत्तीर्ण झाल्यास जादा शिकवणी आणि निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा. तरीही जमलं नाही तर मागे ठेवायचं की नाही, हे राज्यांवर सोडलं. महाराष्ट्राने 2023 मध्ये ही वार्षिक परीक्षा स्वीकारली. म्हणजे ढकलपासचा नियम या दोन वर्गांपुरता सैल झाला. सातत्यपूर्ण मूल्यमापनाचं कलम मात्र कायद्यात आजही आहे.

आणि फेरपरीक्षेआधीच्या त्या थोड्या दिवसांत त्या मुलाला नेमकं काय शिकवायचं, हे नुसत्या गुणांच्या निकालपत्रावरून कळत नाही. त्यासाठी जूनपासून खरी लिहिलेली नोंदवहीच उघडावी लागते.