रवा, मैदा आणि बाटलीतलं प्लास्टिक

२०१८ साली बातमी आली होती: बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी ३२५ प्लास्टिकचे कण. जानेवारी २०२४ मध्ये दुसरी आली: एका लिटरमध्ये सुमारे २ लाख ४० हजार. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाटतं, सहा वर्षांत प्लास्टिक सातशे पट झालं. तसं काही झालेलं नाही. चाळण बदलली.

पहिला आकडा न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या फ्रेडोनियातल्या प्रयोगशाळेचा. नऊ देशांतून, त्यात भारतही आला, घेतलेल्या २५९ बाटल्यांचं पाणी त्यांनी तपासलं. साडेसहा मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचं त्यांच्या मोजणीत येतच नव्हतं. दुसरा कोलंबिया विद्यापीठाचा. त्यांचे जवळजवळ ९० टक्के कण एका मायक्रॉनपेक्षा लहान होते. पहिल्यांनी मुख्यतः मायक्रोप्लास्टिक मोजलं, दुसऱ्यांनी मुख्यतः नॅनोप्लास्टिक. रव्याच्या चाळणीतून मैदा खाली गेला, म्हणून डब्यात मैदा नव्हताच असं कुणी म्हणत नाही.

पाच मिलिमीटरपासून एका मायक्रॉनपर्यंत मायक्रो, त्याखाली नॅनो, अशी ढोबळ वाटणी. (काही जण नॅनोची हद्द आणखी खाली, ०.१ मायक्रॉनवर धरतात.) पण नॅनो म्हणजे नुसतं बारीक मायक्रो नव्हे. पाण्यात पडल्यावर दोघांचं वागणं पार वेगळं.

मायक्रोचं वागणं घरी बघता येतं. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाचा एक तुकडा आणि बाटलीचा एक तुकडा कापून बादलीत टाका. झाकण तरंगतं, ते पाण्याहून हलक्या प्लास्टिकचं असतं. बाटलीचा तुकडाही आधी वर राहील, पण ती पाण्याच्या पृष्ठताणाची करामत. बोटाने बुडवा, सरळ तळाशी जातो. बाटलीचं पेट प्लास्टिक पाण्याच्या जवळपास १.४ पट जड असतं. नदीत, खाडीत हाच खेळ चालतो. तरंगणाऱ्यावर मात्र काही दिवसांत शेवाळ आणि जिवाणूंचा थर चढतो, आणि झाकणाचा तुकडाही हळूहळू बुडू लागतो. म्हणून समुद्राच्या पृष्ठभागावर जाळी फिरवून केलेल्या मोजणीत मोठा हिस्सा निसटतो.

आता तेच पेट घ्या, पण कण बारीक करत जा. बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाने घटतो. ०.१ मिलिमीटरचा गोल कण संथ पाण्यात एक मीटर खाली जायला आठेक मिनिटं घेतो. ०.१ मायक्रॉनचा कण? हिशेबाने पंधरा-सोळा वर्षं. प्रत्यक्षात तो जातच नाही. पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी ढकलत राहतात, कवडशातल्या धुळीसारखा तो भरकटत राहतो. तो हलका की जड, याला इथे फारसा अर्थ उरत नाही. त्याला खाली आणतं ते एकमेकांना चिकटणं. गोड्या पाण्यात विद्युतभारामुळे कण एकमेकांना लांब ठेवतात; खारं पाणी लागलं की तो भार झाकला जातो आणि कण गाळासकट गोळा होऊ लागतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर होतं, साधारण तसंच.

शोधण्याची तऱ्हाही वेगळी. मायक्रोसाठी ०.३ मिलिमीटरच्या आसपास छिद्रं असलेली जाळी किंवा गाळण कागद, शेवाळ आणि कचरा जाळायला हायड्रोजन पेरॉक्साइड, वाळूतून प्लास्टिक वर आणायला घट्ट मिठाचं पाणी. मग एकेका कणावर इन्फ्रारेड किरण टाकून तो कसला ते ओळखायचं. हे साधारण दहा-वीस मायक्रॉनपर्यंत जमतं. रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधलेला परिणाम वापरला तर एका मायक्रॉनच्या जवळ पोचता येतं. ही पायरी गाळू नये. नुसत्या डोळ्यांनी मोजलेल्या ‘प्लास्टिक धाग्यां’त साधा सुती धागा हमखास निघतो.

नॅनोला जाळी निरुपयोगी. एक वाट म्हणजे नमुना तापवून त्याचे वायू करायचे आणि त्यावरून प्लास्टिक ओळखायचं. यात वजन कळतं, कणांची संख्या नाही. शिवाय चरबी तापवली तर पॉलिथिनसारखेच काही वायू निघतात. शरीरात अमुक इतकं प्लास्टिक सापडलं, अशा बातम्या वाचताना मी आधी ही चरबी नीट काढली होती का ते बघतो.

दुसरी वाट कोलंबियावाल्यांची. दोन लेसर एकाच वेळी टाकून ठरावीक रेणूंना थरथरायला लावायचं आणि कण एकेक करून मोजायचे. त्यांना बाटलीत पॉलिअमाइडही (नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक) चांगलंच सापडलं. संशोधकांचा अंदाज असा, की ते पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरमधूनच आलेलं असावं. शोध मात्र सातच प्रकारच्या प्लास्टिकचा होता, आणि दिसलेल्या नॅनोकणांपैकी त्या सातांत बसले ते जेमतेम दहा टक्के. बाकीचे कसले, ते त्या लेसरलाही सांगता आलं नाही.