प्रेम, विनोद आणि बायोप्सी

मेडिकल चौकाजवळच्या मॉलमध्ये सिनेमा लागलेला असतो आणि हाकेच्या अंतरावर सरकारी रुग्णालय असतं. नागपूरकर त्याला नुसतं 'मेडिकल' म्हणतात. विदर्भातलेच काय, छत्तीसगड-मध्य प्रदेशातलेही पेशंट तिथे भरती असतात, आणि त्यांचे नातेवाईक व्हरांड्यात चादर अंथरून डबे सोडतात. इकडे एसीत पडद्यावरचा नायक मागून उघडा राहणारा हॉस्पिटलचा गाऊन सावरत नर्ससमोर प्रेयसीला प्रपोज करतो, आणि अख्खं थिएटर खदखदतं. थोड्या वेळाने त्याच रांगांतून नाक ओढल्याचे आवाज येतात. "रडून राहिली का वं?" "नाही वं, एसीनं सर्दी झाली."

कॅन्सरसारख्या ज्या आजाराचं नाव घरात दबक्या आवाजात घेतात, त्यावर तिकीट काढून हसायला आपण जातो. हा काही निगरगट्टपणा नव्हे. मानसशास्त्राने याची बरीच उकल केली आहे.

पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये विनोदाची एक साधी उपपत्ती मांडली. काहीतरी बिनसलेलं, रीत मोडलेली किंवा धोक्याची वाटणारी गोष्ट समोर हवी, आणि त्याच क्षणी 'यात काही खरं नुकसान नाही' हेही मनाला पटायला हवं. दोन्ही एकदम घडलं की हसू फुटतं. गुदगुल्या हे याचं हुकमी उदाहरण. आपल्या माणसाने केल्या तर हसू येतं, रस्त्यावर अनोळखी माणसाने केल्या तर आरडाओरड होते, आणि स्वतःच्या स्वतःला केल्या तर काहीच होत नाही.

मग कॅन्सरमध्ये 'नुकसान नाही' हे कुठून येतं? अंतरातून. याच मंडळींनी २०१२ मध्ये दाखवलं की मोठं संकट दूरचं असेल तर त्यावर हसता येतं, आणि किरकोळ फजिती मात्र जवळची असली तरच गंमत वाटते. त्याच वर्षी अमेरिकेत सँडी चक्रीवादळ आलं, तेव्हा त्यावरचे विनोद लोकांना वेगवेगळ्या दिवशी दाखवून पाहिले. वादळ धडकायच्या आधी ते बरे वाटत होते. नुकसानीच्या बातम्या आल्यावर तेच विनोद नकोसे झाले. सुमारे ३६ दिवसांनी ते सर्वांत जास्त हसवून गेले आणि नंतर शिळे झाले. म्हणजे फार जवळ गेलं तर चटका, फार लांब गेलं तर थंडगार. आजारावरची रोमँटिक कॉमेडी या दोन टोकांमधली जागा धरून बसते. पडदा, गाणी, देखणी नटमंडळी यांनी अंतर मिळतं; प्रेमकथा ते पुन्हा कमी करते.

विनोद कोण करतो यावरही बरंच ठरतं. पेशंटने स्वतःच्या टकलावर केला तर आपल्याला हसायची परवानगी मिळते, बाजूच्या पाहुण्याने केला तर आपण चुळबुळतो. २०१७ चा 'द बिग सिक' मला म्हणूनच आवडतो. तो एमिली गॉर्डन आणि कुमैल नानजियानी या नवरा-बायकोने स्वतःच्याच आयुष्यावरून लिहिला. एमिलीला प्रौढ वयात होणारा स्टिल्स डिसीज होता: ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ असा, शरीराची प्रतिकारयंत्रणा बिथरल्यामुळे होणारा दुर्मीळ आजार. डॉक्टरांना तिला औषधांनी कोमात ठेवावं लागलं. सिनेमात नायिका बराच वेळ बेशुद्धच आहे आणि विनोद होतो तो वेटिंग रूममध्ये, जिच्याशी बिनसलेलं आहे त्या मुलीच्या आईवडिलांसमोर अवघडून बसलेल्या मुलाचा. आजाराची टिंगल एका शब्दानेही नाही.

आपल्याकडच्या जुन्या काव्यशास्त्राला हे मिश्रण फारसं पसंत नव्हतं. चौदाव्या शतकातल्या 'साहित्यदर्पणा'त हास्य आणि करुण हे परस्परविरोधी रस मानले आहेत. त्याच्या कितीतरी आधी 'नाट्यशास्त्र' सांगणाऱ्या भरतमुनींनी मात्र हास्याचा उगम शृंगारातच सांगितला, आणि 'व्याधी'ला तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन राहणाऱ्या भावांत जागा दिली. त्याहून मोलाचा आहे त्यांनी केलेला एक भेद. विरहातलं दुःख आणि करुण रस दिसायला सारखेच, पण विरहात अपेक्षा शिल्लक असते, करुणात ती संपलेली असते. आजाराच्या रोमकॉमला हे तंतोतंत लागू पडतं. रिपोर्ट यायचा आहे, ऑपरेशन व्हायचं आहे, तोवर हसणं चालतं. अपेक्षा संपली की दिग्दर्शकही विनोद थांबवतो. न थांबवणारा सिनेमा विक्षिप्त वाटू लागतो.

रडून हलकं वाटतं हेही तपासलेलं आहे, आणि उत्तर गमतीदार निघालं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात ६० जणांना हमखास रडवणारे सिनेमे दाखवले. जे रडले त्यांचा मूड सिनेमा संपताच आधीपेक्षा खालावलेला होता. वीस मिनिटांत तो पूर्ववत झाला आणि दीड तासाने सिनेमापूर्वीपेक्षाही बरा. न रडणाऱ्यांचा मूड जिथल्या तिथे. तेव्हा थिएटरातून बाहेर पडल्या पडल्या "कसा वाटला?" विचारण्यात अर्थ नाही, घरी पोहोचून जेवण होऊ द्यावं.

ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने २०१६ मध्ये वेगळीच मोजणी केली. एका गटाला हृदयद्रावक सिनेमा आणि दुसऱ्याला रुक्ष माहितीपट दाखवून त्यांना भिंतीला पाठ लावून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसवलं. मांड्या भरून येईपर्यंत कोण किती टिकतं ते पाहिलं. सिनेमावाल्यांची सहनशक्ती वाढली होती, आणि ज्यांची जास्त वाढली त्यांना शेजारी बसलेले अनोळखी लोकही अधिक जवळचे वाटले. यामागे एंडॉर्फिन, म्हणजे शरीरातच तयार होणारं वेदनाशामक रसायन असावं असा त्यांचा तर्क आहे. सोबत हसल्यानेही वेदना सोसण्याची ताकद वाढते, हे याच गटाने आधी दाखवलं होतं. म्हणजे हसू आणि रडू दोन्ही एकाच दुकानातून माल उचलत असावेत.

यावरून कुणी 'हसा आणि कॅन्सर पळवा' छापाचा फॉरवर्ड मात्र पाठवू नये. नॉर्मन कझिन्स या पत्रकाराने १९७६ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं, की दहा मिनिटं पोटभर हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते. तो एका माणसाचा अनुभव होता. वेदना सोसता येणं वेगळं, गाठ विरघळणं वेगळं.

सिनेमावाल्यांची एक लबाडी मला खटकते. आजार असा निवडतात की लिपस्टिक पुसली जात नाही, उलटी दिसत नाही आणि बिलाचा कागद तर कधीच नाही. विदर्भाकडे याहून अस्सल कथानक पडून आहे: सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फोडून काढणारी कळ उठते. नेहमीची पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच मोडते. नागपूरच्या डॉक्टरांनी इथल्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केली होती. आईवडील दोघेही एएस, म्हणजे वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे आजार घेऊन येण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून इथे लग्न जुळवताना समुपदेशक पत्रिकेच्या आधी रक्ततपासणीचा कागद मागतात; त्यावरचं एएस-एसएस म्हणजे 'पॅटर्न'.

आता हे दृश्य बघा. नागपूरच्या फुटाळा तलावावर पहिल्यांदा भेटलेली मुलगी मक्याचं कणीस सोलता सोलता विचारते, "पॅटर्न कोणता बे तुझा?" तो लाजून म्हणतो, "एएस." ती कणीस खाली ठेवते. "हात्तिच्या! मी पण." मुंबईच्या थिएटरात या जागी कुणी तरी शेजाऱ्याला अर्थ समजावून सांगेल, तोवर विनोद निघून गेलेला असेल. नागपुरात समजावून सांगायची वेळच येणार नाही. अर्ध्या रांगेने ती तपासणी केलेली असेल, उरलेल्यांनी करून घ्यायला हरकत नाही.