भात्याच्या जोराने पेटीचा सूर चढत नाही

‘भाता जितका जोरात मारावा, तितका पेटीचा (हार्मोनियमचा) सूर चढतो’ असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. आवाज मोठा झाला की सूरही वर गेल्यासारखा वाटतो, त्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात पट्टी दाबल्यावर हवेने जी पितळी रीड, म्हणजे धातूची पातळ जीभ, थरथरते, तिची लांबी, जाडी आणि टोकाचे वजन यांवरून सेकंदाला होणारी कंपने ठरतात. म्हणूनच पेटी लावणारा कारागीर रीडचे टोक घासून सूर चढवतो आणि मुळाशी घासून तो उतरवतो. भात्याचा दाब वाढला की कंपनांची संख्या नव्हे, तर त्यांचा आवाका वाढतो, म्हणजे आवाज मोठा होतो. फार जोर दिल्यास सूर उलट किंचित उतरतो. मोबाइलवरचा ट्यूनर (सूर मोजणारे ॲप) सुरू करून काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, धरून ठेवावी आणि भाता आधी हळू, मग जोरात मारावा; काटा जवळजवळ जागचा हलत नाही.