लीग म्हणजे साखळी फेरी नव्हे

31 मार्च 2024, ईस्टरचा रविवार. डब्लिनच्या क्रोक पार्कवर लागोपाठ दोन फायनल झाल्या. आधी गॅलिक फुटबॉल या आयरिश खेळाच्या लीगमधल्या दुसऱ्या डिव्हिजनच्या फायनलमध्ये डोनेगॉलने आर्माला एका पॉइंटने हरवलं, मग पहिल्या डिव्हिजनच्या फायनलमध्ये डेरीने डब्लिनला पेनल्टींवर. रात्री कोल्हापूरहून आतेभावाचा मेसेज: ‘दादा, डेरी चॅम्पियन झाली की! तुमची आर्मा सेकंड डिव्हिजनमधीच आडवी. आता पुढच्या वर्षी बघा.’

मी आर्मा काउंटीत राहतो. पुढच्या वर्षी कशाला, खरा हंगाम अजून सुरूच व्हायचा होता.

हा घोळ त्याच्या एकट्याचा असता तर मी लिहायला बसलो नसतो. इथे नव्याने आलेल्या जवळपास प्रत्येक मराठी माणसाला मी हे एकदा तरी समजावलंय, आणि मला दोष द्यायचा झाला तर मी आपल्या क्रीडापानांना देतो. त्यांनी ‘लीग’ या शब्दाला ‘साखळी’ हा प्रतिशब्द रुजवला. साखळी म्हटलं की आपल्या डोक्यात पुढचं वाक्य तयार असतं: साखळी फेरी, मग बाद फेरी, मग विजेता. आयपीएल तशी, प्रो कबड्डी तशी. ज्यांना इंग्लंडचा फुटबॉल पाठ आहे त्यांचा गोंधळ उलट्या बाजूने होतो. त्यांच्या हिशेबात लीगच्या तक्त्यात पहिला तोच देशाचा विजेता. गॅलिक फुटबॉलमध्ये यातलं काहीच लागू नाही. इथे लीग ही स्वतंत्र स्पर्धा आहे आणि चॅम्पियनशिप ही स्वतंत्र. संघ तेच, खेळाडू तेच, वर्ष तेच, चषक दोन.

आधी किरकोळ गोष्टी उरकून टाकू. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि काउंटीचा संघ म्हणजे राज्य अजिंक्यपद कबड्डीत रत्नागिरीचा किंवा सांगलीचा असतो तसा. लिलाव नाही, पगार नाही. आज सेमीफायनल खेळलेला मुलगा सोमवारी शाळेत गणित शिकवत असतो. एका बाजूला पंधरा जण. चेंडू आडव्या दांडीवरून गेला की एक पॉइंट, खालून जाळ्यात गेला की गोल, म्हणजे तीन पॉइंट. 1-11 म्हणजे एक गोल, अकरा पॉइंट, एकूण 14. 2025 पासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्याचे दोन मिळतात. हर्लिंग हा काठीने खेळायचा वेगळा खेळ, तो इथे नको. आर्मा उत्तर आयर्लंडमध्ये येतं आणि केरी प्रजासत्ताकात, पण या खेळाला ती सीमा दिसत नाही. आणि कृपा करून ‘आर्माघ’ लिहू नका. तो ‘घ’ कुणीही उच्चारत नाही.

लीगही पटकन आटपते, कारण ती तुम्हाला येतेच. 1925-26 पासून चालू आहे. सध्या 32 संघ, आठ-आठचे चार डिव्हिजन. यातले 31 आयर्लंडमधले. किलकेनी काउंटीला हर्लिंगपुढे दुसरं काही दिसत नाही, म्हणून बत्तिसावा लंडनचा. जानेवारीअखेर ते मार्चअखेर, चिखलात आणि गारठ्यात, प्रत्येकी सात सामने. जिंकलं की दोन गुण, बरोबरीला एक. वरचे दोन संघ बढतीला, खालचे दोन घसरणीला, आणि वरच्या दोघांची फायनल. संपलं.

चॅम्पियनशिप 1887 पासूनची. लहान मुलं अंगणात चेंडू मारताना जे नाव घेतात ते या स्पर्धेच्या सॅम मग्वायर चषकाचं, लीगच्या चषकाचं नव्हे. एप्रिल उजाडला की लीगचा तक्ता पुसला जातो, आणि पहिल्या डिव्हिजनचा विजेता आणि तिसऱ्या डिव्हिजनमधला पाचवा एकाच मैदानात समोरासमोर येऊ शकतात. कारण सुरुवात डिव्हिजनवर होत नाही, प्रांतावर होते: अल्स्टर, मन्स्टर, लेन्स्टर, कॉनॉट. ज्या प्रांतात तुमची काउंटी, त्या प्रांतात तुमचं नशीब.

मग लीग जिंकून काय होतं? डेरीचंच बघा. 31 मार्चला लीगचा चषक उचलला. 20 एप्रिलला स्वतःच्या मैदानावर अल्स्टरच्या पहिल्याच सामन्यात डोनेगॉलने त्यांना चार गोल घातले. डेरीचा गोलकीपर पुढे येऊन खेळायचा, लीगभर त्याचं कौतुक चाललं होतं; डोनेगॉलने लांब चेंडू मारून त्याच्यामागची रिकामी जाळी गाठली. त्याआधीच्या वर्षी मेयोचं आणखी वाईट झालं. 2 एप्रिल 2023 ला लीग जिंकली, 9 एप्रिलला रॉसकॉमनने घरच्या मैदानावर हरवलं. एका आठवड्याचं राज्य! मेयोने लीग कितीही वेळा जिंकली तरी तिथला माणूस खिन्नच असतो, कारण सॅम मग्वायर त्यांच्याकडे 1951 नंतर गेलेला नाही.

इथवर लोकांना पटतं. खरी पंचाईत पुढे आहे, आणि मला वाटतं घोळाचं मूळ तिथेच आहे: हरल्यावरही संघ स्पर्धेत राहतो कसा? आतेभावाने मे महिन्यात मला दुसऱ्यांदा सांत्वनाचा मेसेज पाठवला तो यामुळेच. 12 मे 2024, क्लोनिस. अल्स्टरची फायनल, आर्मा विरुद्ध पुन्हा डोनेगॉल. जादा वेळेनंतर 0-20 विरुद्ध 0-20. पेनल्टींवर डोनेगॉल 6-5. त्याआधीच्या दोन हंगामांत आर्मा तीनदा पेनल्टींवर हरलं होतं, हा चौथा घाव. आमच्या गल्लीत त्या रात्री कुणी नारिंगी झेंडासुद्धा उतरवला नाही, इतके सगळे गप्प होते. पण बाद कुणी झालं नव्हतं.

कारण प्रांताचा चषक ही चॅम्पियनशिपची पहिली पायरी आहे, चाळणी नव्हे. चार प्रांतांच्या फायनलमध्ये पोचलेले आठही संघ, हरलेले धरून, सॅम मग्वायरच्या 16 संघांत जातात. 2023 ते 2025 या तीन हंगामांत त्या सोळांचे चार गट पडत. आणि हो, तीच ती साखळी फेरी! ‘साखळी’ शब्द वापरायचाच असेल तर तो इथे वापरा. ती चॅम्पियनशिपच्या पोटात होती, लीगमध्ये नव्हे. चारांतले तिघे पुढे जात. गटातला पहिला थेट उपांत्यपूर्व फेरीत, दुसरा-तिसरा आधी एक सामना खेळून. चार संघांना घरी पाठवायला 24 सामने, हा माझ्या मते शुद्ध वेळकाढूपणा होता. 2026 साठी गट मोडीत काढले, बरं केलं.

आता आर्माचा 2024 चा हंगाम याच नजरेने पुन्हा बघा. लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनची फायनल हरले. अल्स्टरची फायनल हरले. साखळीच्या चष्म्यातून हा दोनदा फसलेला संघ. पण चॅम्पियनशिपचा हिशेब एप्रिलपासून मांडा: फर्मनाला हरवलं, डाउनला एका पॉइंटने हरवलं, डोनेगॉलशी बरोबरी आणि मग पेनल्टी. गटात वेस्टमीथला हरवलं, लीगविजेत्या डेरीला त्यांच्याच मैदानावर 3-17 विरुद्ध 0-15 असं झोपवलं, गॉलवेशी बरोबरी. गटात पहिले. रॉसकॉमन, मग जादा वेळेत केरी. 28 जुलैला फायनलमध्ये पुन्हा गॉलवे: आर्मा 1-11, गॉलवे 0-13. म्हणजे 14 विरुद्ध 13. तो एकमेव गोल बचावफळीतल्या ॲरन मकायचा. चॅम्पियनशिपचे नऊ सामने, त्यातला एकही पेनल्टींशिवाय हरलेले नाहीत. प्रशिक्षक कीरन मॅकगीनी दहाव्या हंगामात होता. 2002 मध्ये आर्माने पहिल्यांदा हा चषक जिंकला तेव्हाचा कर्णधारही तोच. मधल्या 22 वर्षांत आमच्या शेजारच्या आजोबांनी तो नारिंगी स्कार्फ धुतला नव्हता म्हणे. त्यांच्या बायकोनेच सांगितलं, आणि चेहऱ्यावर कौतुक अजिबात नव्हतं.

फायनलनंतर आतेभावाचा प्रश्न आला, अपेक्षेप्रमाणे: ‘सेकंड डिव्हिजनची टीम चॅम्पियन कशी काय?’ लीगचा डिव्हिजन म्हणजे संघाची जात नव्हे, लेका. तो त्या तीन महिन्यांचा पत्ता असतो. शेवटी त्याच्याच गावाचं उदाहरण दिलं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार हे तालमींचे संघ केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग खेळतात, आणि तेच संघ वेगवेगळ्या चषकांसाठीही भिडतात. लीग कुणी जिंकली यावरून चषक कुणाचा ते ठरत नाही. हे त्याला लगेच पटलं. फक्त इथे मान उन्हाळ्यातल्या चषकाला, एवढाच फरक.

पण मग लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात: म्हणजे लीग निव्वळ सराव. नाही! याचीही मला तेवढीच चीड आहे. प्रांतांचे आठ फायनलवाले आणि गेल्या वर्षीचा टॅल्चन चषकाचा विजेता एवढे घेऊन सोळांतल्या उरलेल्या जागा लीगमधल्या क्रमांकानुसार भरतात. बाकीचे टॅल्चन चषकात; 2022 पासून सुरू झालेली ही दुसऱ्या दर्जाची चॅम्पियनशिप. म्हणजे फेब्रुवारीत चिखलात गमावलेला एखादा गुण जूनमध्ये तुम्ही कोणत्या चषकासाठी खेळणार ते ठरवू शकतो.

हा नियम कसा चावतो ते डाउनला विचारा. 2024 मध्ये ते लीगच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होते. अल्स्टरच्या सेमीफायनलमध्ये आर्माविरुद्ध 2-6 विरुद्ध 0-13, म्हणजे 12 विरुद्ध 13. आणखी दोन पॉइंट पडते तर ते अल्स्टरच्या फायनलमध्ये आणि आपोआप सॅम मग्वायरमध्ये. ते पडले नाहीत, म्हणून टॅल्चन. त्याच तिसऱ्या डिव्हिजनमध्ये त्यांच्या खाली राहिलेलं क्लेअर मात्र मन्स्टरमध्ये एकट्या वॉटरफर्डला हरवून फायनलमध्ये गेलं आणि सोळांत शिरलं. अल्स्टरमध्ये जन्मलात तर घाम, मन्स्टरमध्ये जन्मलात तर सोडत. प्रांतांचा हा वशिला बंद करून सोळाच्या सोळा जागा लीगवर द्याव्यात, असं माझं ठाम मत आहे, आणि इथल्या पबमध्ये ते मोठ्याने बोलायची माझी हिंमत नाही.

13 जुलैला क्रोक पार्कवर दुपारी डाउनने लीशला हरवून टॅल्चन चषक उचलला. त्यांचे लाल-काळे झेंडे अजून स्टँडमध्ये होते तेवढ्यात शेजारच्या काउंटीचे नारिंगी झेंडे आत यायला लागले, केरीविरुद्धच्या सेमीफायनलसाठी. एप्रिलमध्ये दोघांत एका पॉइंटचा फरक होता.

मार्च 2025 मध्ये डेरी लीगच्या पहिल्या डिव्हिजनमधून घसरलं, एकही सामना न जिंकता. वर्षभरापूर्वीचा लीगविजेता! मला वाटलं, आता आतेभावाला कायमचं समजलं. त्याच महिन्यात केरीने मेयोला हरवून लीग जिंकली, मग मन्स्टर जिंकलं, उपांत्यपूर्व फेरीत आर्माला घरी पाठवलं, आणि 27 जुलैला डोनेगॉलला हरवून सॅम मग्वायरही नेला. त्यांचा एकोणचाळिसावा.

‘बघ दादा,’ मेसेज आला, ‘लीग जिंकली तोच चॅम्पियन. मी म्हणतच होतो.’

मी त्याला जूनमधला केरी-मीथ सामन्याचा स्कोअर पाठवला. गटात केरी नऊ पॉइंटनी हरलं होतं. त्यावर त्याचा प्रश्न: ‘मग मीथ चॅम्पियन का नाही?’