मोठ्या हाय-पॉवर रॉकेटची जोडणी आणि रंगकाम : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून हाय-पॉवर मॉडेल रॉकेटचा संच घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाने कामाला हात घालण्यापूर्वी हे पत्रक एकदा पूर्ण वाचावे, अशी आमची विनंती आहे. कोणता भाग कुठे बसतो हे संचासोबतच्या आराखड्यात दाखवलेले असते. पण कोणते काम कोणत्या कामाच्या आधी उरकले पाहिजे आणि का, हे चित्रावरून कळत नाही. दुरुस्तीसाठी आमच्याकडे परत आलेल्या रॉकेटांमधली चूक बहुधा नेमकी इथेच सापडते. मोठ्या रॉकेटमधले महत्त्वाचे सांधे एकदाच करता येतात. मागची रिंग चिकटली की आतल्या सांध्यापर्यंत हात पोहोचत नाही आणि रंग चढला की खालचा पृष्ठभाग नीट घासला होता की नाही, हे कुणालाही सांगता येत नाही. म्हणून या पत्रकाचा भर कामाच्या क्रमावर आहे.

मोटरचा वर्ग आणि रॉकेटचे वजन

रॉकेट मोटरचे वर्ग इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात आणि दर पुढच्या अक्षराला एकूण आवेगाची, म्हणजे रेटा आणि तो टिकण्याचा वेळ यांच्या गुणाकाराची, मर्यादा दुप्पट होते. जी वर्ग १६० न्यूटन-सेकंदांपर्यंत जातो, एच ३२० पर्यंत, आय ६४० पर्यंत, जे १,२८० पर्यंत आणि के २,५६० पर्यंत. साधारणपणे एच वर्गापासून पुढच्या मोटरींना हाय-पॉवर म्हणतात. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि त्रिपोली रॉकेट्री असोसिएशन या संस्थांच्या पद्धतीत एच आणि आय वर्गासाठी पहिल्या पातळीचे, जे ते एल वर्गासाठी दुसऱ्या पातळीचे आणि एम वर्गापासून पुढे तिसऱ्या पातळीचे प्रमाणपत्र लागते. मोटर बाळगण्याचे आणि उड्डाणाच्या परवानगीचे नियम देशागणिक वेगळे असल्यामुळे आमच्या संचात मोटर नसते. आपल्याकडचे नियम संच उघडण्याआधीच समजून घ्यावेत.

या पत्रकात उदाहरण म्हणून सुमारे २ मीटर लांबीचे, १०२ मिलिमीटर बाह्यव्यासाचे, तीन फिनचे (शेपटीकडच्या पंखांचे) आणि ५४ मिलिमीटर मोटर माउंट (मोटर बसवायची आतली नळी) असलेले रॉकेट घेतले आहे. मोटरसह त्याचे वजन ६ किलो धरले, तर त्यावर गुरुत्वाकर्षणाचे सुमारे ५९ न्यूटन बल असते. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा संहितेनुसार मोटरचा सरासरी रेटा, म्हणजेच थ्रस्ट, वजनाच्या किमान तिप्पट हवा. आम्ही मात्र पाचपटीखाली न जाण्याचा सल्ला देतो, म्हणजे इथे जवळजवळ ३०० न्यूटन. मोटरच्या नावातल्या अक्षरानंतरचा आकडा हाच सरासरी रेटा सांगतो. गॅरेजमध्ये चढत जाणारा प्रत्येक ग्रॅम या हिशेबात मोजला जातो, हे इपॉक्सी (दोन घटक कालवून घट्ट होणारा गोंद) आणि रंग वापरताना लक्षात असावे.

आखणी

फिनच्या रेषा नजरेने आखू नयेत. नळीभोवती कागदाची पट्टी घट्ट गुंडाळून परीघ मोजावा. १०२ मिलिमीटरच्या नळीला तो सुमारे ३२० मिलिमीटर भरतो, म्हणजे तीन फिनमधले अंतर १०६.८ मिलिमीटर येते. खुणा झाल्यावर नळी लोखंडी अँगलच्या खोबणीत ठेवून अँगलच्या कडेने पेन्सिल ओढली, की रेषा नळीच्या अक्षाशी समांतर येते. रेल बटनांची (उड्डाणाच्या रुळावर रॉकेट सरकवणाऱ्या गुंड्यांची) रेषाही याच वेळी दोन फिनच्या बरोबर मधोमध आखून घ्यावी, कारण फिन बसल्यावर अँगल नळीला टेकत नाही.

सांधे : वेळ द्यायचा तो इथे

काही काळापूर्वी आमच्याकडे एक रॉकेट तीन सुट्या फिनसह परत आले. फिन शाबूत होत्या, इपॉक्सीचे फिलेट, म्हणजे सांध्याच्या कोपऱ्यातले गोलसर भरावही शाबूत होते, अगदी काचेसारखे गुळगुळीत. फिन उलटी करून पाहिली तेव्हा फिलेटच्या खालच्या बाजूला नळीच्या कागदाचा पातळ, चकचकीत पापुद्रा लांबच लांब चिकटलेला दिसला. इपॉक्सीने आपले काम चोख केले होते. तिने पकडले ते मात्र नळीला नव्हे, तर नळीवरच्या गुळगुळीत आवरणाला, आणि जमिनीवर आदळताच ते आवरण सोलून निघाले. फिन बसवण्यापूर्वी तेवढी पट्टी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली असती, तर हे टळले असते.

हे कागदी नळीइतकेच फायबरग्लासच्या नळीलाही लागू आहे. फायबरग्लासच्या भागांवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या मेणासारख्या पदार्थाचा अंश राहिलेला असू शकतो, त्यामुळे ते आधी साबणाच्या पाण्याने धुवावेत, वाळवावेत, मग चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासावेत आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. घासण्याआधी धुणे आवश्यक आहे, नाहीतर मेण पेपरबरोबर चऱ्यांमध्ये बसते. फायबरग्लासची धूळ फुप्फुसांना घातक असते. पेपर पाण्यात भिजवून घासावे, चांगला श्वसनमास्क लावावा आणि घरात, मुलांच्या आसपास हे काम करू नये.

इपॉक्सी कोणती वापरावी, असे आम्हाला वारंवार विचारले जाते. पाच मिनिटांत घट्ट होणारी इपॉक्सी भाग जागच्या जागी धरून ठेवण्यापुरती ठीक आहे. भार पेलणाऱ्या सांध्यासाठी सावकाश घट्ट होणारी इपॉक्सीच घ्यावी, कारण ती लाकडाच्या आणि कागदाच्या तंतूंमध्ये मुरायला वेळ घेते आणि तिचा सांधा कमी ठिसूळ होतो. रेझिन आणि हार्डनरचे प्रमाण वजनाने दिले आहे की आकारमानाने, हे डब्यावर वाचावे. दोन्हींची घनता वेगळी असल्यामुळे आकारमानाने समसमान म्हणजे वजनाने समसमान नव्हे. एका वेळी मोठा घाणा कालवला तर तो वाटीतच तापतो आणि हातात घेण्यापूर्वीच आवळतो, म्हणून थोडे थोडे कालवावे. प्रत्येक वाटीतले उरलेले मिश्रण फेकून देऊ नये. दुसऱ्या दिवशी त्यात नख रुतत असेल तर सांध्यातही तीच परिस्थिती आहे असे समजावे.

आता क्रम. मोटर माउंटच्या नळीवर पुढच्या आणि मधल्या सेंटरिंग रिंग (माउंट मुख्य नळीच्या मधोमध धरणाऱ्या कड्या) पक्क्या चिकटवाव्यात. सर्वांत मागची रिंग मात्र कोरडीच बसवावी आणि ओढून काढता यावी म्हणून तिला मास्किंग टेपचे दोन कान लावावेत. माउंट मुख्य नळीत चिकटवून पक्का झाला की फिन नळीच्या खाचांतून आत सरकवून थेट माउंटवर टेकवाव्यात. फिन पक्क्या झाल्यावर मागची रिंग ओढून काढावी, म्हणजे आतले सर्व सांधे मागच्या बाजूने उघडे मिळतात. प्रत्येक फिन माउंटला जिथे मिळते आणि नळीला आतून जिथे मिळते, अशा दोन्ही ठिकाणी लांब काठीने किंवा मोठ्या सिरिंजने इपॉक्सीचे फिलेट भरावेत. नळी आडवी ठेवून दोन फिनमधली दरी वरच्या बाजूला आणली, की इपॉक्सी आपसूक कोपऱ्यात बसते. तीन फिनच्या रॉकेटला अशा तीन बैठका लागतात आणि प्रत्येक बैठकीनंतर इपॉक्सी आवळेपर्यंत नळी फिरवता येत नाही. हे काम एका संध्याकाळचे नाही. तरीही, रॉकेटवर एकच जादा दिवस घालवायचा असेल तर तो इथे घालवावा असे आमचे ठाम मत आहे, कारण उतरताना फिनवर येणारा आडवा धक्का याच आतल्या सांध्यांनी पेलायचा असतो.

मागची रिंग आणि मोटर रिटेनर (मोटर जागेवर धरून ठेवणारा भाग) बसवताना साधी इपॉक्सी वापरू नये. साध्या इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागतात आणि मोटरचे मागचे टोक त्याहून खूप अधिक तापते. तिथे उष्णता सोसणारी, धातूची भुकटी असलेली इपॉक्सी लागते.

बाहेरच्या फिलेटसाठी इपॉक्सीत कोलॉइडल सिलिका किंवा सूक्ष्म काचगोळ्या कालवून ती दाट करावी. फिलेटच्या दोन्ही कडांना मास्किंग टेप लावावा, गोल टोकाच्या काठीने एका ओढीत फिलेटला आकार द्यावा आणि इपॉक्सी ओली असतानाच टेप सोलावा. फिलेट जाड केला की मजबुती तेवढीच वाढते, हा समज सोडून द्यावा. ३० सेंटीमीटर लांबीच्या तीन फिनना १२ मिलिमीटर त्रिज्येचे सहा फिलेट केले तर न दाट केलेल्या इपॉक्सीचेच वजन सुमारे ६५ ग्रॅम होते आणि ते सगळे शेपटीकडे बसते.

पॅराशूटची जोडणी

पॅराशूटची दोरी ज्याला बांधली जाते तो यू-बोल्ट असावा, किंवा बंद कडीचा बोल्ट असावा. वाकवून केलेली उघडी कडी झटक्याने सरळ होते. ६ किलोचे रॉकेट सेकंदाला ६ मीटर वेगाने उतरवायचे असेल, तर सपाट गोल पॅराशूट २ मीटरहून थोडे अधिक व्यासाचे लागते. रंगकामापूर्वी सगळी दोरी, पॅराशूट आणि अग्निरोधक कापड नळीत भरून पाहावे. ते कोंबावे लागत असेल तर उड्डाणात ते बाहेर येणार नाही.

पृष्ठभाग आणि रंग

रंगकामाची सुरुवात इपॉक्सी धुण्यापासून होते. दमट हवेत घट्ट झालेल्या इपॉक्सीवर कधी कधी तेलकट, पातळ थर येतो. तो पॉलिश पेपरने पसरतो, जात नाही. साध्या कोमट पाण्याने मात्र लगेच निघतो. त्यावर रंग दिला तर काही दिवसांत फिलेटच्याच रेषेत पोपडे सुटतात.

कागदी नळीवर गोल गोल फिरत जाणारी गुंडाळणीची खाच असते. ती रंगाने भरत नाही, उलट चकाकी आली की अधिकच उठून दिसते. लाकडाच्या भेगा भरायची लांबी (वुड फिलर) पाण्यात सैल करून खाचेत बोटाने भरावी, पूर्ण वाळल्यावर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या २२० नंबरच्या पेपरने नळीच्या लांबीच्या दिशेने घासावी. नुसत्या बोटांनी घासले तर बोटांच्या दाबाने उथळ खळगे पडतात आणि ते चकचकीत रंगात लाटांसारखे दिसतात. प्लायवूडच्या फिनच्या कडांना पातळ इपॉक्सीचा एक हात द्यावा, म्हणजे रेषे प्रायमर पीत नाहीत.

प्रायमरचे अस्तर लावल्यावर त्यावर दुसऱ्या रंगाची हलकी फवारणी करून ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासावे. जिथे तो रंग उरतो तिथे खोलगट जागा आहे, जिथे प्रायमरही जातो तिथे उंचवटा आहे. हाताने चाचपून जे कळत नाही ते या एका युक्तीने स्पष्ट दिसते. कागदी नळीवर पाणी मात्र बेतानेच वापरावे. उघड्या टोकातून ते आत शिरले तर नळी फुगते.

रंगाचे हात पातळ द्यावेत. जाड हाताने ओघळ येतात, विशेषतः फिलेटच्या कोपऱ्यात, कारण तिथे दोन्ही बाजूंची फवारणी एकत्र साठते. म्हणून कोपरे आधी हलक्या हाताने झाकून मग सपाट भाग घ्यावा. दोन हातांमधल्या अंतराबद्दल डब्यावर जे लिहिले आहे ते तंतोतंत पाळावे. अर्धवट वाळलेल्या एनॅमलवर पुढचा हात दिला, किंवा एनॅमलवर लॅकर मारला, की खालचा थर सुरकुततो आणि सगळे खरवडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट एकाच प्रकारातले घेणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

कप्लर (नळीचे दोन भाग जोडणारी आतली नळी) आणि नोज कोनचा, म्हणजे टोकाच्या शंकूचा, खांदा टेपने झाकूनच फवारणी करावी. तिथे चढलेला थोडासाही रंग सांधा घट्ट करतो आणि इजेक्शनच्या, म्हणजे पॅराशूट बाहेर फेकण्याच्या वेळी भाग वेगळे होत नाहीत. अल्टिमीटरच्या (हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या उपकरणाच्या) कप्प्याची हवेची छिद्रेही रंगाने अरुंद होतात. त्यातून ड्रिलचे पाते हाताने फिरवून कडा साफ करावी, कारण छिद्र बुजले तर उपकरणाला बाहेरचा दाब खरा कळत नाही. आत जीपीएस ट्रॅकर असेल तर त्या भागाला धातूची भुकटी असलेला चंदेरी किंवा सोनेरी रंग देऊ नये; त्याने रेडिओ संदेश क्षीण होतो. बाकी रंग आपल्या आवडीचा असावा, पण गवतात आणि झुडपांत हिरवा, तपकिरी रंग हरवतो, हे निवड करताना आठवावे.

रंगानंतरचे मोजमाप

आपल्या उदाहरणातल्या रॉकेटचा पृष्ठभाग सुमारे ०.८ चौरस मीटर भरतो. प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून वाळलेला थर ०.१५ मिलिमीटर आणि त्याची घनता पाण्याच्या दीडपट धरली, तर केवळ रंगाचे वजन १८० ग्रॅमच्या आसपास जाते. आराखड्यातला गुरुत्वमध्य रंगाविना काढलेला असतो. म्हणून पूर्ण रंगवलेले रॉकेट, पॅराशूट आणि भरलेल्या मोटरसह, दोरीच्या फासात तोलून त्याचा खरा गुरुत्वमध्य शोधावा. तो दाबकेंद्राच्या, म्हणजे हवेचा आडवा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या, पुढे निदान एक व्यास, म्हणजे इथे १०२ मिलिमीटर, असला पाहिजे; दोन व्यासांच्या फार पुढे गेला तर रॉकेट वाऱ्याकडे अधिक झुकते. अंतर कमी भरत असेल तर नोज कोनमध्ये वजन घालावे. दाबकेंद्र ओपनरॉकेटसारख्या संगणक-प्रणालीतून मिळते. त्यात फिनची मापे आराखड्यातली न घेता आपण स्वतः मोजलेली भरावीत.

मोटरशिवायचे वजन, मोटरसह वजन, गुरुत्वमध्य आणि दाबकेंद्र हे चार आकडे अल्टिमीटरच्या कप्प्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवावेत, आणि दुरुस्ती किंवा नवा रंग झाला की खोडून नव्याने लिहावेत. एखादा भाग तुटून आमच्याकडे पाठवायचा झाला तर तुटलेली कड घासू किंवा धुऊ नये, सुटलेले तुकडेही सोबत द्यावेत. सांधा कुठून सुटला हे आम्हाला त्या कडेवरूनच ओळखता येते.